धनेशाचे पक्के दार

डोंगराच्या कुशीतल्या एका दाट जंगलात धनेश पक्ष्यांचे एक जोडपे राहत असे. मुलांनो, तुम्ही धनेश पाहिला नसेल तर आधी त्याची चोच डोळ्यांपुढे आणा. विळ्यासारखी वाकडी, पिवळीधमक आणि एवढी मोठी, की ती घेऊन हा उडतो तरी कसा असे वाटावे. पण या पक्ष्याचे खरे नवल चोचीत नाही, संसारात आहे. अंडी घालायची वेळ आली की मादी एखाद्या जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड चिखलाने लिंपून टाकते. नर बाहेरून चिखल आणून देतो, ती आतून लिंपते. शेवटी उरते ती फक्त एक उभी चीर, चोचीचे टोक जाईल एवढी. पुढे जवळजवळ तीन महिने ती आतच असते. तिची जुनी पिसेही याच काळात झडतात, त्यामुळे वाटले म्हणून उडून जाण्याची सोय नाही. नर दिवसभर उंबरे आणि वडाची फळे आणतो व चिरेतून तिला भरवतो. तो आला तर ती जेवते, नाही आला तर उपाशी राहते. एवढा विश्वास आपण तरी कोणावर टाकतो का, ते ज्याने त्याने मनाला विचारावे.

आपल्या गोष्टीतला धनेश मायाळू होता, कामसू होता, पण भारी काळजीखोर. त्याला तसे कारणही होते. मागच्या वर्षी शेजारच्या किंजळाच्या झाडावर दुसऱ्या एका धनेशाच्या ढोलीत घोरपड शिरली होती. दाराचा चिखल नीट वाळला नव्हता. तिने तो नखांनी उकरला आणि अंडी फस्त केली. तेव्हापासून आपल्या धनेशाला झाडाच्या बुंध्याशी पान जरी हलले तरी तिथे घोरपडच दिसे.

त्या वर्षी ऊन लवकर तापले. ओढा आटत आटत खालच्या डोहापाशी जाऊन थांबला. चिकट चिखल हवा तर डोंगर उतरून डोहावर जावे लागे, आणि एका खेपेत मिळे तो चोचभर. तेवढा वेळ मादी बेहड्याच्या झाडावरच्या उघड्या ढोलीत एकटी. पहिल्या दिवशी धनेशाने चार खेपा केल्या आणि चारही वेळा परतताना तो वाटेत कुठेही टेकला नाही. ढोलीतून तिची चोच दिसली की मगच त्याच्या जिवात जीव येई.

त्याच बेहड्यावर वरच्या फांदीला एका खारीचे घरटे होते. तिने त्याची ही धावपळ पाहिली. "धनेशदादा, डोहापर्यंत कशाला पळताय?" ती म्हणाली. "वाटेवर पिशव्या पडल्यात की ढीगभर. थोडा चिखल, थोडी पिशवी. घोरपडीचं नख लागायचं नाही."

"टिकेल?" धनेशाने विचारले.

"टिकेल का म्हणून काय विचारता? माझ्या घरट्याचं अस्तर बघा. तीन पावसाळे झाले, आहे तसं आहे."

ही वाट म्हणजे जंगलाच्या कडेने धबधब्याकडे जाणारी पायवाट. सुट्टीच्या दिवशी तिथे माणसे येत, खात, पीत, आणि जाताना पिशव्या, वेष्टने, बाटल्या तिथेच ठेवून जात, जणू उद्या येऊन नेणार आहेत. नेत मात्र कोणी नसे. हळूहळू जंगलानेच तो माल वापरायला काढला होता. खारीने अस्तर केले. बुलबुलाने प्लास्टिकच्या सुतळीने घरटे बांधले. वानरे पुड्या उचलून आणत, चाटूनपुसून साफ करत आणि बसल्या फांदीवरून खाली सोडून देत. कोणी हटकलेच, तर सगळ्यांचे उत्तर ठरलेले असे, "एवढ्याशाने काय होतंय?"

धनेश वाटेवर गेला. डोहापेक्षा ही वाट कितीतरी जवळ होती. चोचीत पिशवीची लांब पट्टी घेऊन तो क्षणात परत आला. मादीने ती हुंगली. "अहो, हे काय आणलंत? याला मातीचा वास नाही."

"पक्कं आहे," धनेश म्हणाला. "तू लाव. उशीर नको. मला तुझी काळजी वाटते."

मादीला ते पटले नव्हते. पण समोर दमलेला नवरा दिसत होता आणि खाली बुंध्याशी काहीतरी सळसळत होते. तिने ती पट्टी घेतली आणि चिखलात बसवून टाकली. मग दुसरी आली, तिसरी आली. बुलबुलाने टाकून दिलेली सुतळी आली, खारीच्या अस्तरातला उरलेला तुकडा आला, वानरांनी चाटलेल्या पुड्या आल्या. दोन दिवसांचे काम संध्याकाळच्या आत उरकले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच घोरपड चढून आली. तिने दाराला नखे लावली. वरवरचा चिखल सुटला, पण आतले प्लास्टिक नुसते ताणले आणि पुन्हा जागेवर बसले. दोनदा प्रयत्न करून ती फणकाऱ्याने खाली उतरली. धनेशाला आकाश ठेंगणे झाले. "पाहिलंस? याला म्हणतात पक्कं दार," तो चिरेतून म्हणाला. त्या दिवशी तो इतका खूश होता की उंबरे आणायलाही गात गात गेला. धनेशाचे गाणे कानाला फारसे गोड नसते, पण ते जाऊ द्या.

काळजी मात्र घरातून गेली नव्हती, ती फक्त बाहेरून आत गेली होती. मातीच्या दारातून थोडी तरी हवा खेळते. या दारातून ती येईना. वैशाखाचे ऊन चढले की ढोली भट्टीसारखी तापे. शिवाय धनेशाची मादी फार स्वच्छ असते. आतली घाण आणि फळांच्या बिया ती रोजच्या रोज चिरेतून बाहेर टाकते, ढोलीत काही साचू देत नाही. आता चिरेच्या तोंडाशीच पिशवीचा एक पदर लोंबत होता. बाहेर टाकलेली घाण त्यालाच चिकटे आणि तिथेच राही. मादी चोचीने तो पदर ढकली, तो परत येई. धनेशाला आणखी घोर नको म्हणून ती हे बोलली नाही.

"आत सगळं बरं आहे ना?" तो रोज विचारी.

"आहे."

"मग आवाज असा बारीक का येतो?"

"उकडतंय जरा," ती म्हणे, आणि तो दुसऱ्या फळासाठी उडून जाई. उडता उडता मागे वळून दाराकडे पाही. दार पक्के होते, तरी पूर्वीसारखे समाधान होत नसे.

अंडी फुटली. आत दोन पिल्ले चिवचिवू लागली. दिवसागणिक त्यांची भूक वाढली, अंग वाढले, पिसे फुटली, आणि ढोलीत तिघांना वळायलाही जागा उरेना. एका संध्याकाळी मादी म्हणाली, "अहो, आता माझ्याच्यानं आत राहवत नाही. उद्या मी दार फोडते. बाहेर आले की दोघं मिळून पिल्लांना भरवू."

सकाळ झाली. धनेश समोरच्या फांदीवर बसला. आतून ठक ठक आवाज सुरू झाला. चिखलाचे ढलपे आत पडले, बाहेर पडले. आणि त्यांच्यामागून दिसू लागले ते प्लास्टिक. तीन महिन्यांच्या उन्हाने आणि फळांच्या चिकाने पट्ट्यांवर पट्ट्या चिकटून त्यांचे एकच जाड कातडे झाले होते. मादीने चोच मारली की ते बाहेर फुगे, चोच मागे घेतली की पुन्हा आत जाई. ना फाटे, ना तुटे. तिने सगळी ताकद लावली. तिच्या चोचीच्या टोकाचा कपचा उडाला.

ऊन डोक्यावर आले तेव्हा भलतेच झाले. ज्या चिखलाने चिरेच्या दोन्ही कडा धरून ठेवल्या होत्या, तो ढासळला. त्याबरोबर वरचा सैल झालेला प्लास्टिकचा थर घसरून खाली आला आणि चीर बुजली. धनेशाने घशात तीन उंबरे साठवून आणली होती. त्याने चोच खुपसली, तर चोचीबरोबर प्लास्टिकच आत गेले. त्याने कड धरून ओढले, ते लांबले. सोडले, ते पुन्हा बसले.

"अहो," आतून आवाज आला, "पिल्लांना भूक लागलीय."

"देतो," धनेश म्हणाला. पण देणार कुठून? घोरपड आत येऊ नये म्हणून केलेल्या दाराने त्याची घरचीच माणसे आत कोंडली होती. त्याला भीती वाटत होती ती नेहमी बुंध्याकडून येणाऱ्याची. आज भीती समोर, त्याने स्वतः आणून दिलेल्या पट्ट्यांच्या रूपात उभी होती.

तो ओरडत सुटला. त्याचा आवाज ऐकून सगळे जंगल बेहड्याखाली जमले. म्हातारी वानरीण आधी वर चढली. तिचे हात अजून मजबूत होते. तिने कड मुठीत धरून हिसका दिला, तसे आतून एक पिल्लू किंचाळले.

"थांबा," मादी म्हणाली. "धाकट्याच्या पायाला सुतळी अडकलीय. तुम्ही ओढता आणि त्याचा पाय आवळतो."

वानरिणीने हात काढून घेतला. तेवढ्यात सुतार पक्षी आला. त्याने दाराला एक टोच मारून पाहिली आणि मान हलवली. "लाकूड असतं तर घटकेत फोडलं असतं. हे टोचलं तर फाटत नाही, आत दबतं. आणि मागे पिल्लाचा डोळा असला तर?" बुलबुल फांदीआड जाऊन बसला, कारण ती सुतळी त्याच्या ओळखीची होती. खार तर वरच्या फांदीला चिकटून बसली होती. सल्ला तिचाच होता आणि तो सगळ्यांना माहीत होता, पण कोणी तिला बोलले नाही. न बोलल्यामुळे तिला जास्तच वाटत होते.

आतून येणारा चिवचिवाट कमी होऊ लागला. आधी दोन आवाज येत होते, मग एकच राहिला.

"धाकटा गप्प झालाय," मादी म्हणाली. एवढे बोलायलाही तिला दम लागत होता.

सुतार पक्षी दाराभोवती एक फेरी मारून आला. "एक सांगतो," तो म्हणाला. "प्लास्टिकचं मला काही कळत नाही. पण ते ज्याला धरून बसलंय ते लाकूडच आहे. लाकडाची कड मी सोडवतो. फक्त ढोलीचं तोंड मोठं होईल, धनेशदादा. मग घोरपडीला वाट मोकळी."

सगळ्यांनी धनेशाकडे पाहिले. ज्या भीतीपायी हे सगळे घडले, तीच आता त्याच्यापुढे पुन्हा येऊन बसली होती. त्याने खाली बुंध्याकडे पाहिले, मग दाराकडे पाहिले.

"फोड," तो म्हणाला.

सुतार पक्ष्याने कडेचे लाकूड टोचायला घेतले. वानरिणीने दोन्ही हातांनी दार जिथल्या तिथे धरून ठेवले, ना ओढले, ना ढकलले. एका बाजूला दोन बोटे रुंद फट पडली तशी खार आपणहून खाली आली. "वहिनी, चोच मारू नका. मी खार आहे," ती म्हणाली आणि डोके फटीत घालून आत शिरली. आतल्या उष्म्याने तिचा जीव घाबरा झाला. अंधारात पिल्लाचा पाय चाचपून ती सुतळीचा एक एक दोरा कुरतडू लागली. प्रत्येक दोऱ्यानंतर ती फटीतून तोंड बाहेर काढून तुकडा थुंके, श्वास घेई आणि पुन्हा आत जाई. वर सुतार पक्ष्याची टकटक चालू होती. धनेश फांदीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत होता, कारण त्याला दुसरे काही करता येत नव्हते, आणि त्याचेच त्याला सर्वांत वाईट वाटत होते.

"सुटला," आतून खार म्हणाली.

वानरिणीने दार अलगद बाहेर काढले. ढोलीतून कोंदट वाफ आली आणि मागोमाग मादीचे डोके दिसले. पिसे विसकटलेली, चोचीचा कपचा गेलेला. तिने जंगलाकडे पाहिलेही नाही. धनेशाकडून एक उंबर घेतले आणि वळून धाकट्याच्या तोंडाशी नेले. त्याने चोच उघडली नाही. तिने पुन्हा नेले, तरी नाही. तिसऱ्या वेळी तिने उंबर चेचून त्याचा रस त्याच्या चोचीवर टेकवला. तेव्हा चोच किंचित उघडली.

पिल्ले उडायला अजून काही दिवस होते आणि ढोली सताड उघडी होती. घोरपड आलीच. पण एरवी एकटा असलेला धनेश आता एकटा नव्हता. खार वरून ओरडून इशारा देई, वानरे फांद्या हलवून घोरपडीला हुसकावून लावत. असे तीनदा झाले. मग पिल्ले उडाली. धाकट्याचा तो पाय मात्र वाकडा झाला तो वाकडाच राहिला. फांदीवर बसताना तो अजूनही जरा अडखळतो.

पिल्ले उडाली त्या दिवशी म्हातारी वानरीण ते काढलेले दार घेऊन पाणवठ्याजवळच्या खडकावर बसली. जो जो पाण्याला आला त्याला तिने थांबवून घेतले. मग तिने एक एक पट्टी सोडवून मांडायला सुरुवात केली. "ही सुतळी?" बुलबुलाने मान खाली घातली. "हा पिशवीचा तुकडा?" खार म्हणाली, "माझ्या घरट्यातला उरलेला." "आणि या पुड्या माझ्याच नातवंडांनी चाटून टाकलेल्या," वानरीण म्हणाली. शेवटी तिने ते सगळे एका मुठीत गोळा करून वर धरले. "बघा. आपण म्हणायचो ना, एवढ्याशाने काय होतंय? ते एवढंसंच होतं."

मग असे ठरले की पाण्याला तर प्रत्येकाला रोज जावेच लागते, तर जाताना वाटेत दिसेल तो एक तुकडा उचलायचा. एकच, पण रोज. आणि वाटेवरून नवे काही घरात आणायचे नाही. उचललेले सगळे वानरे जंगलाबाहेर नेत आणि माणसांच्या गाड्या थांबतात तिथे ठेवत. पुढच्या सुट्टीला आलेल्या माणसांना आपल्याच वस्तू वाट पाहत बसलेल्या दिसल्या. काही हसली, काहींनी फोटो काढले. तिथे चहा विकणारी बाई मात्र हसली नाही. ढिगातले निम्मे कप तिचेच होते. ती दुसऱ्या आठवड्यापासून कपबश्या घेऊन येऊ लागली, आणि पायथ्याच्या वाडीतल्या बायकामुलांना बरोबर घेऊन तिने तो ढीग पोत्यांत भरून खाली नेला.

जंगलाचे सगळे एका दिवसात सुधारले असे समजू नका. खारीने नवे घरटे सालींच्या धाग्यांचे केले खरे, पण एक मऊ तुकडा तळाशी लपवून ठेवला होता. वानरिणीला तो दिसला. ती खाली बसून राहिली. खारीने बराच वेळ दुसरीकडे पाहिल्यासारखे केले आणि मग तो तुकडा स्वतःच आणून तिच्या हातात दिला.

वर्ष फिरले. पुन्हा ऊन तापले, पुन्हा ओढा डोहापाशी जाऊन थांबला. धनेशाची मादी बेहड्यावर आली. ढोलीचे तोंड आता मोठे झाले होते. ते लिंपायला दुप्पट चिखल लागणार आणि तेवढा वेळ तिला उघड्यावर बसावे लागणार, हे दोघांनाही दिसत होते. ती दाराशी थांबली. धनेश शेजारच्या फांदीवर बसला. आत जा असे म्हणायचा धीर त्याला होत नव्हता.

मादीने खाली पाहिले. मागच्या साली झाडाखाली प्लास्टिक साचले होते आणि तिने टाकलेल्या बिया त्यावरच वाळून गेल्या होत्या. आता तिथे मोकळी माती होती आणि तिच्यातून दोन-चार कोवळी रोपे वर आली होती. वरच्या फांदीवर खार पाळतीला बसली होती. मादी आणखी थोडा वेळ तशीच बसली आणि मग ढोलीत शिरली.

धनेश डोहाकडे उडाला. गेल्या वर्षीसारखेच त्याने मागे वळून पाहिले. पण या वेळी तो धबधब्याच्या वाटेकडे वळला नाही. चोचभर चिखल घेऊन तो परतला तेव्हा ढोलीतून एक कपचा गेलेली चोच पुढे आली. तिने चिखल हुंगला. त्याला मातीचा वास होता. तिने तो घेतला आणि ढोलीच्या कडेला लिंपला.

"अजून पुष्कळ लागेल," धनेश म्हणाला. "आणि डोह लांब आहे."

"असू दे," ती आतून म्हणाली. "उशीर झाला तरी चालेल."

तात्पर्य : घाईत उचललेली आयती सोय पुढे आपल्याच दाराची कडी होते, ती वेळीच नाकारावी, आणि थोडाथोडा करून सगळ्यांनी साठवलेला कचरा थोडाथोडा करून सगळ्यांनीच उचलावा.